डावा हात

स्टोअरातून आला तेव्हा खोक्यात वेटोळं करून पडला होता,
पिवळे पट्टे, काळे पट्टे, पितळी कड्या.
रजिस्टरात सह्या घेतल्या, आणि साहेब एवढंच बोलले:
उद्यापासून याच्याशिवाय कोणी पोलवर दिसला, तर मेमो.

गिरणारे सेक्शनला आम्ही सात जण.
पाय कुठं घालायचा, सातांतल्या एकालाही कळेना.
कातडनं उलटा घातला, पाठीची कडी छातीवर आली,
चहावाल्याचं पोरगं म्हणालं,
काका, आज पोळा आहे का?

शिकवलं करुणा महालेनं. पेठकडची पोर,
विद्युत सहाय्यक, नोकरीला दीड वर्ष.
आधी मांड्यांचे, मग कमरेचा, मग छातीचा.
पट्ट्याखाली पंजा सरळ गेला पाहिजे, मूठ जायला नको.
थेटे काका, तुमची मूठ जातेय. आवळा.

सव्वीस वर्षं मी मांड्यांवर चढलो.
सिमेंटच्या पोलला पँट घासून घासून
आतून आरशासारखी व्हायची,
आणि इस्माईल टेलर दर दिवाळीआधी
न विचारता तिथंच ठिगळ लावायचा.

निवृत्ती लिलकेकडे कंबरपट्टा होता, चामड्याचा,
तेल पाजलेला. रोज बांधायचा.
पण क्रॉस आर्म आडवा आला की पट्टा सोडावा लागे,
वरून घेऊन पुन्हा लावावा लागे.
मधे एक श्वास.
दुगावच्या वळणावर तो त्या श्वासात गेला.
पक्कड दुसऱ्या दिवशी सापडली, बांधाच्या पलीकडे,
तोंड उघडं.

आता हुक दोन.
दुसरा लागल्याशिवाय पहिला सोडायचा नाही.
खट्ट. थांब. खट्ट.
जिथं मी मोजून चाळीस आकड्यांत पोचायचो
तिथं आता खालचे लोक बिडी संपवतात,
वर बघून ओरडतात, काका, झोप लागली का?
घामानं पट्टे चावतात. मांड्या बधिर होतात.
कातड अजून गाडीच्या हँडलला अडकवून फिरतो,
ग्रुपवर टाकायच्या फोटोपुरता घालतो.
मी त्याला काही बोलत नाही.
मीही चार दिवस तेच केलं.

पाचव्या दिवशी मुंगसऱ्याला जंप तुटला.
परमिट घेतलं, अर्थिंग केलं, वर गेलो,
दोन्ही हुक लावले, आणि तरी
डावा हात पोल सोडेना.
खालून करुणा ओरडली, काका, धरू नका,
अंग सोडा, पट्ट्यावर रेला!

सांगायला सोपं आहे, बाई.
जीव मुठीत धरून, असं लोक नुसतं म्हणतात.
माझा खरोखर तिथंच असायचा,
याच मुठीत, करंगळीच्या बाजूला,
उजवा हात काम करायचा तेव्हा.

एकेक बोट उचललं.
पट्टा कुरकुरला, ताणला,
आणि मी बसलो. हवेत. खुर्चीत बसावं तसा.
कमरेखाली काही नाही, आणि तरी बसलेला.

दोन्ही हातांनी जंप बांधला.
इतका घट्ट पीळ मला आयुष्यात जमला नव्हता.
मग उजवा पान्हा ठेवायला पिशवीकडे गेला
आणि डावा तसाच राहिला, उघडा,
कुणाच्या घरी पहिल्यांदा आलेल्या पाहुण्यासारखा,
कुठं ठेवायचं स्वतःला, त्याला कळेना.
लांब रामशेज दिसत होता. धरणाचं पाणी दिसत होतं.
दोन्ही इतकी वर्षं तिथंच असणार.

काय झालं काका? खालून आवाज आला.
काही नाही म्हणालो.
हात मोकळा होता, तेवढंच.

उतरताना मात्र शेवटच्या चार हातांवर
तो अजून पोल धरतो,
हुक लागलेला असतानाही.
जमीन जवळ आली की
त्याला जास्त भीती वाटते.