मापांची वही

नोव्हेंबर लागला की मी जिवंत असल्याचं
सांगायला जाते बँकेत.
काळाचौकी ते नाका, मध्ये दोनदा बसते.
काचेपलीकडची पेडणेकरांची मुलगी म्हणते,
आजी, अंगठा ठेवा.
ठेवते.
यंत्र म्हणतं, नाही.
पदराला घासून, फुंकर घालून पुन्हा ठेवते.
नाही.
पन्नासच्या वर वर्षं सुई, कात्री, साबणखडू.
रेषा गेल्या गं, पोरी.
हे मी मनातच म्हणते. मागे रांग असते.

मग ती डोळ्यापुढे काहीतरी धरते, मिटू नका म्हणते.
डोळा चालतो.
पतीचं नाव?

हैबती,
तुझं नाव मी पहिल्यांदा घेतलं ते उंबऱ्यावर अडवलं तेव्हा:
शिवणयंत्राच्या चाकाला चामड्याचा पट्टा,
हैबतरावांचं नाव घेते, पुरे आता थट्टा.
तुझ्या बहिणी हसून लोळल्या होत्या.
आता दरसाल घेते, खिडकीशी,
यमकाशिवाय.

तोंडावर तुम्हीच म्हणायचे. वहीत तू म्हणते.
नातवाच्या वयाचा झालास रे तू,
अहो-जाहो करायला जीभ वळत नाही.

तुम्ही तिकडे लढत होता
तेव्हा मुंबई कशी दिसायची, तुला सांगायचं राहिलं.
दिसायचीच नाही.
मोटारींचे दिवे निम्मे काळे रंगवलेले,
खिडक्यांना काळे कागद. कागद संपले
तशा बायका छत्रीचं कापड घेऊन आल्या माझ्याकडे.
आठ आणे खिडकी.
अख्ख्या चाळीला मी अंधार शिवून दिला.

तुझा सदरा मागे पडला तो त्यात.
मामंजींनी गिरणीतून आणलेलं निळं पॉपलीन,
बेतून ठेवलेलं, नुसती टीप मारायची बाकी.
पण भोंगा व्हायचा, गिरणीचा नव्हे, दुसरा,
की कंदील विझवायचा.
म्हटलं, लढाई संपू दे, उजेडात शिवू.
तेरा दिवसांत संपली.
दिवे लागले, पोरं गॅलरीत थाळ्या बडवत सुटली,
मी काळे पडदे उसवायला घेतले.
तार चौथ्या दिवशी आली.

पुढे एक ट्रंक आली.
वस्तरा. हातभर आरसा, एका कोपऱ्यात तडकलेला.
साबणाची अर्धी वडी, तिच्यावर तुझा एक केस.
आणि माझंच पत्र, न फोडलेलं.
मी अजून फोडलं नाही.
दुसऱ्याचं पत्र कसं फोडावं?
आणि त्यात आहे तरी काय. खुशाली.
गुरवमास्तरांकडून लिहून घेतलेलं,
त्यांच्यापुढे तोंडातून शब्द फुटेना.
जे सांगायचं होतं ते घरी आणलं परत, तसंच.

मग अक्षरं शिकले. उशिरा, रात्रशाळेत,
डोक्यावर पदर, शेजारी मिशा फुटलेली पोरं.
वेगळी वही घेतली नाही.
गिऱ्हाइकांच्या मापांखाली जागा उरते,
तिथे लिहिते तुला.
शेवडेबाईंच्या कंबरेखाली एक ओळ,
शाळेच्या गणवेशांखाली चार.
कुणी पाहिलं तर म्हणते, हिशेब आहे.

तुझं माप पहिल्या वहीत आहे. शेवटच्या रजेतलं.
छाती अडतीस.
खांदा साडेसतरा.
बाही चोवीस, डावी जरा कमी.
गळ्याला फीत लावली तेव्हा
माझी बोटं गार होती, तू हसलास,
आणि आकडा हलला.
पंधरा लिहिलंय. त्याच्यापुढे साडेपंधरा.
म्हटलं, उद्या पुन्हा घेऊ.
पहाटे तुझी गाडी होती.

दाखला देऊन आले की कापड काढते ट्रंकेतून.
पाठ, दोन पुढे, बाह्या.
निळा रंग घड्यांवर उडालाय, खडूची रेघ आहे अजून.
आज पाठ आणि खांदे जोडले, हातानंच.
बाह्याही होतील, डोळे आहेत तोवर.
कॉलर तेवढी राहील.
पंधरा की साडेपंधरा,
ते तूच सांग.