पत्ता: बेलेअर बुलेव्हार्ड

ह्यूस्टनच्या ऑगस्टात डांबर चपलेला चिकटतं.
गाडी लावायला अकरा मिनिटं,
तीही दातांच्या एका दवाखान्यासमोर
जिथं टॅक्सचे कागदही भरून मिळतात.

मामंजी उतरले आणि पाट्यांकडे बघत उभेच राहिले.
पस्तीस वर्षं पोस्टात, सॉर्टिंगला.
डॉक्टरांचं अक्षर, थरथरत्या म्हाताऱ्यांचं अक्षर,
भिजून फुटलेली शाई,
‘मु. पो.’च्या पुढं काहीच नसलेली पाकिटं
ज्यांनी दारापर्यंत पोचवली
त्यांना या अख्ख्या प्लाझात
वाचता येत होते फक्त फोन नंबर.

“किती रेघा गं एकेका अक्षरात,” म्हणाले.
“खिडक्या, जिने, गज. घरंच आहेत ही.
आपलं घर ओळखू कसं येत असेल यांना?”

मी म्हटलं, चला, आत थंड आहे.

आत लाल माठ होता, मुळांना मातीसकट.
दुधी, केळफूल, अळकुड्या.
सात आठवडे आमच्या ब्रोकोलीशी
मुकाट्यानं संसार केलेले मामंजी
प्रत्येक ढिगापाशी थांबून
पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवत गेले.
ड्युरियनला मात्र लांबूनच नमस्कार:
“हा फणसाचा भांडखोर भाऊ.”

मासळीपाशी नंबराची चिठ्ठी. सत्तेचाळीस.
पुकारा आधी चिनीत, मग स्पॅनिशमध्ये,
मग कुठल्यातरी इंग्रजीत.
एलिसेओ, बिल्ल्यावर नाव, पायात रबरी बूट,
टाकीतला मासा जाळीत धरून
गिऱ्हाइकाला आधी चेहरा दाखवायचा,
पसंत पडला तर पुढची बोलणी.
मला उगाचच माझा दाखवण्याचा कार्यक्रम आठवला.

आणि बर्फाच्या कोपऱ्यात
गुलाबी, आरपार दिसणारे, आ वासलेले

“बोंबील!”

इतक्या मोठ्यानं
की शेजारच्या आजीबाईंनी खेकड्यांची पिशवी मागं ओढली.

त्यांची नात बरोबर होती, दहा-अकराची,
कंटाळलेली, दोन्हीकडचं समजणारी.
ती म्हणाली, आजी विचारते, यांना हा मासा माहीत आहे?
आमच्या फूचौकडे याला म्हणतात
ड्रॅगनचं डोकं.

मामंजी गप्प. मग खांदे हलायला लागले.
हसत होते.

शाळेत त्यांनाच बोंबील म्हणत.
फुंकर मारली तर पडेल असं पोरगं.
मास्तर हजेरीसुद्धा त्याच नावानं घ्यायचे:
बोंबला, ताठ उभा राहा.

लग्नाला एकोणीस वर्षं झाली, मला हे ठाऊक नव्हतं.
कळलं ते असं, ओल्या फरशीवर,
ते एका परक्या मुलीला सांगत असताना, मराठीत.
मी त्याचं इंग्रजी करत गेले, तिनं त्याचं चिनी केलं,
वाटेत काय गळलं, काय चिकटलं कोण जाणे,
पण शेवटी आजीबाईंनी
मामंजींना चपलेपासून टक्कलापर्यंत नीट न्याहाळलं
आणि मान हलवली, पटल्यासारखी.

मग हवेतच मासा घोळवून, हवेतच तळून दाखवला.
आम्ही हवेत रवा दाखवला.
एलिसेओनं विचारलं, डोकी काढू?
मामंजी म्हणाले, सांग त्याला, राहू देत.

तीन पौंड. पावतीवर छापलेलं: बॉम्बे डक.
“बदक?”
चष्मा कपाळावर. पावती उलटी, सुलटी,
शिक्का शोधावा तशी.
“पत्ते सगळे चुकलेत,” म्हणाले, “तरी पोचला बघ.”

घरी येईस्तोवर बर्फ वितळून सीटमध्ये मुरला.
मामंजी कधीचे परत गेले,
वास काही जात नाही.
ऑफिसला सोबत येणारी डेनीस
काच खाली करून विचारते, काय आहे हे?

मी सांगते, ड्रॅगन.