आसूढाळ

फलटण सोडून दहिवडीच्या अंगाला गेलं
की कालव्याचं पाणी संपतं, माळ सुरू होतो.
तिथं आमचा स्टड फार्म.
दगडात चुना, म्हणून गवतात चुना,
गवतात चुना, म्हणून घोड्याच्या हाडात,
असं धाकटे सरकार प्रत्येक पाहुण्याला सांगतात,
माती मुठीत घेऊन दाखवतात.
पाहुणा पंजाबचा असला तर दोनदा.

मी तिथला कारकून.
शिंगरू जन्मलं की पुण्याहून छापील कागद येतो,
त्यावर एक रिकामा घोडा असतो, चारी बाजूंनी काढलेला.
तो मी भरायचा.
कपाळावरचा चांद, पायातले मोजे,
आणि भोवरे. एका भोवऱ्याला एक फुली.
माणसाच्या अंगठ्यासारखंच असतं ते,
दोन घोड्यांचं जुळत नाही.

ती झाली माघात, रात्री तीन वाजून दहा मिनिटांनी,
मागचे पाय आधी.
रमजान शिकलगारचा हात खांद्यापर्यंत आत होता.
बाहेर काढली, नाकातली घाण तोंडानं ओढून थुंकला,
बॅटरी मारली तोंडावर
आणि गप्पच झाला.
डाव्या डोळ्याखाली भोवरा.
"आसूढाळ हाय, बापू. आईसाहेब ठिवायच्या न्हाईत हिला."
असली एक घोडी वाड्यानं पूर्वी आठ दिवसांत
लोणंदच्या टांगेवाल्याला देऊन टाकली होती.
सरकार परदेशात शिकले खरे,
पण आईचा शब्द उंबऱ्याच्या आत चालतोच.
रमजाननं त्या जागी अंगठा ठेवला.
म्हणाला, "घ्या लिहून."
मी लिहून घेतलं,
अंगठ्याखालचं सोडून.

सरकार घोडी बघतात ती पन्नास फुटांवरून, दुर्बिणीतून.
तोंडाशी जातो तो रमजान.

लिलावात ती गेली पतियाळाच्या गुरबीरसिंगांकडे.
त्यांनी नाव ठेवलं सतलज क्वीन.
बाणगंगेचं पाणी पिऊन वाढलेली पोर!
रमजान तिला चिंगी म्हणायचा, आजही म्हणतो.

चिंगी मुंबईत मोठी शर्यत जिंकली, सव्वादोन लांबीनं.
झालं. सुरू झालं.
ते म्हणाले, घोडी आमची.
आम्ही म्हणालो, हाड आमचं.
बाप आयर्लंडचा, आई लुधियान्याहून आणलेली,
ट्रेनर बंगळूरचा, जॉकी झुंझुनूचा,
आणि भांडणारे दोघं, ज्यांतला एकही
कधी पाठीवर बसला नव्हता.
पुण्याच्या हॉटेलात पैदासकारांच्या संघटनेची निवडणूक झाली.
गेल्या पाच वर्षांचे जिंकलेले घोडे मी टाइप करून दिले होते,
दक्खनचे डावीकडे, उत्तरेचे उजवीकडे.
उजवी बाजू एका ओळीनं लांब होती,
मी अक्षर बारीक केलं.
सरकार तीन मतांनी अध्यक्ष झाले.
भाषणात चुना आला, माती आली,
सतलज क्वीनचं नाव चार वेळा आलं.
मागच्या खुर्चीवर मी चहा ढवळत होतो,
साखर विरघळून कधीच गेली होती.

दोन वर्षांनी पायाची शीर तुटून ती परत आली,
ट्रकनं, तीन दिवसांचा प्रवास करून,
आमच्या नराला दाखवायला.
गुरबीरसिंगांनी चिठ्ठी दिली होती, अगदी गोड.
मंचावर प्रांत असतात,
माजावर आलेल्या घोडीला कुठला प्रांत?
डॉक्टरनं मानेवरून यंत्र फिरवलं,
आकडा उमटला, जुळला.
मी काढलेला घोडा कुणी उघडलाच नाही.
फायलीत तो तसाच उभा आहे,
डाव्या डोळ्याखाली कोरा.

खोडरबर मी तेव्हा हातात घेतला होता.
खोडायला काही नव्हतंच.

संध्याकाळी रमजान तिच्या तोंडाशी उभा होता.
अंगठा आपसूक त्याच जागी गेला,
तिनं डोळा मिटून घेतला.
धरली तर माघात शिंगरू होईल,
पुण्याहून नवा कागद येईल.
"बापू," तो म्हणाला,
"आता थरथरतोय ओ अंगठा माझा.
नीट झाकणार न्हाई."