अधिक बावीस

आचऱ्याला, खाडीकडच्या खोलीत
खिडकीच्या गजाला मोबाइल बांधलाय सुतळीने.
तिथेच काय ती रेंज लागते, दोन दांड्या.

तिसऱ्या काढणाऱ्या बायांसाठी
ओहोटीची वेळ सांगणारं ॲप लिहितोय.
बटण एकच. आकडे मोठे,
चष्म्याविना दिसतील असे.

लिहितोय म्हणजे काय,
मी दोन शब्द टाकतो, उरलेलं एडिटर सुचवतो.
कर्सरपुढे राखाडी अक्षरं उमटतात,
पुळणीत खुबा सरकावा
आणि त्याची रेघ त्याच्याही पुढे धावावी, तशी.
टॅब दाबला की ती काळी होतात, माझी होतात.
दिवसाला पाचशे ओळी. त्यात माझ्या किती,
मोजायचं सोडलंय.

परवा मात्र हात थांबला.
मी नुसतं लिहिलं: भरती = तिथी
आणि त्याने पुढे मांडलं: गुणिले पाऊण.

तिथीची पाऊणपट!
हे बाबांनी शिकवलेलं,
वल्ह्याच्या पात्यावर कोळशाने गणित मांडून.
चवथीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ,
त्यात सहा तास मिळवले की सुकती.
मला वाटायचं हे आमच्या घरातलं आहे.
याला कुणी सांगितलं?
कुठल्या बंदरातल्या, कुणाच्या बापाने?
रागच आला थोडा.
मग पाहिलं, पुनवेनंतर मोजणी पुन्हा एकपासून
हे मी विसरलो होतो, तो नाही.
दाबला टॅब.

एकादशीला अनसूयाकाकी कोयंडे अर्धी टोपली घेऊन परतली.
"सव्वादोनाक पाणी ढोपराभर होतां रे.
आमच्या खाडयेत ता उशिरान येता नि उशिरान जाता,
तोंडार वाळू नाय भरलेली?
तुझ्या यंत्राक कोणी सांगूक नाय?"

दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर चिखलात उभा राहिलो.
मी घड्याळाकडे बघत,
ती पायाच्या बोटांनी शिंपले चाचपत.
तीन वाजले. तीन दहा.
तीन बावीसला पाणी थबकलं.
तिने टोपली खाली ठेवली, बोलली काही नाही.

घरी येऊन ओळीच्या शेवटी लिहिलं: अधिक बावीस.
लगेच खाली पिवळी नागमोडी रेघ.
हा आकडा कुठून आला? याला नाव द्या.
बरोबर आहे त्याचं. उद्या मीच विसरेन.
मी नाव दिलं: अनसूया_कोयंडे = २२

काकीला दाखवलं. तिने स्क्रीन लांब धरून पाहिली.
"माझा नाव कित्याक? वाळूचा घाल.
पावसानंतर ती हलतली."

तसंच ठेवलंय अजून.

आज देवगडच्या खाडीची फाइल उघडली.
मी 'भरती' इतकंच लिहिलं
आणि राखाडीत पुढे आलं,
तिथी गुणिले पाऊण,
अधिक अनसूया_कोयंडे.

बोट टॅबवरच होतं.
एस्केप दाबलं.

तिथे कोण तिसऱ्या काढतं, ते विचारायला हवं.
सुकतीच्या आधी पोचायचं,
म्हणजे इथून निघायचं केव्हा,
ते मात्र अंदाजानेच.