हात बघायला

मुलगी बघायला जातात तसं
सातव्या महिन्यात मी हात बघायला गेलो.
(गेलोच. आमच्याकडं बाई 'गेले' म्हणत नाही,
'गेले' शाळेच्या पुस्तकात.)

घरात सगळ्यांचं ठरलं होतं, वेगवेगळं.
आईचं चंदगड : पहिलटकरीण माहेरीच.
सासूचं बेळगाव, तो काचेचा दवाखाना,
जिथं नणंदेचे टाके आठ दिवसांत सुटले
आणि बिल वर्षभर फिटत होतं.
मामंजींचं एकच, दाखला मराठीत मिळाला पाहिजे.
परशराम उद्यमबागेतनं रात्रपाळी करून यायचा,
अंगाला भट्टीचा वास.
म्हणायचा, तुला पटेल तिथं,
आणि मला काय पटतंय ते ऐकायच्या आत झोपायचा.

मग मी एकच प्रश्न पदरात बांधला.

भागूमावशी उंबऱ्यावर सुपारी कातरत होती.
ह्याच हातांनी परशरामची नाळ कापलेली,
कळकाच्या सालपटानं.
आता डोळ्यात फूल पडलंय,
अडकित्ता मात्र चुकत नाही.
विचारलं, मावशी, तुझ्या हातात कोण गेलं काय?
"माझ्या हातात कोण नाही गेलं, बाळ.
गेल्या त्या देवाच्या हातात गेल्या."
अडकित्ता थांबला नाही.

डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर काचेखाली बाळांचे फोटो,
सगळी गोरी, कुठल्या तरी लांबच्या देशातली.
त्यांनी प्रश्न ऐकला, पेनाला टोपण लावलं.
"या दिवसांत असलं मनात आणायचं नाही,"
आणि बेल वाजवून पुढचीला बोलावलं.
वाईट नव्हत्या.
हात थंड होते, एवढंच.

ओढ्यापलीकडं सरकारी उपकेंद्र, पिवळी भिंत.
पाटी कानडीत. मला नुसती गोल गोल अक्षरं दिसतात.
नीलव्वानं आधी तळवे चोळून ऊन केले,
शिंप्याच्या फितीनं पोट मोजलं,
मग पत्र्याचं नरसाळं टेकवून, डोळे मिटून
कितीतरी वेळ ऐकत राहिली,
शेजारच्या घरात कुणी हळू बोलतंय तसं.
मी विचारलं.
तिनं कान उचलला.
नळाखाली हात धुतले, पुसले, परत धुतले.
"एरडु," म्हणाली. आणि जरा वेळानं, "दोन."
"एक फकिरव्वा. तिचा रक्त थांबला नाय.
एक सुरय्या. मलप्रभेचा पाणी पुलावर आला होता,
गाडी तिकडं, आमी इकडं.
तिचा डोका माझा मांडीवर होता."
मग दार लोटून मागची बाजू दाखवली :
खडूनं लिहिलेले तीन ड्रायव्हरांचे नंबर,
एक नदीच्या ह्या अंगाचा, दोन त्या.
"सुरय्यानंतर लिवला."
कापसाचा बोळा माझ्या बोटाला दाबत म्हणाली,
"तुझा रक्त बी कमी हाय.
चढला नाय तर मीच तुला बेळगावला पाठवतो.
तवा रागवायचा नाय."

घरी सांगितलं.
सासू रात्रभर भांडी जोरात ठेवत होती.
आईनं फोनवर नुसतं "बरं" म्हटलं, दोनदा.
मामंजी म्हणाले, बाई कानडी आहे.
कळ तरी कुठं मराठी आहे, असं म्हणणार होतो,
पण भाकरी करपत होती, ती उलटली.

तायी कार्ड तांदळाच्या डब्यावर ठेवलंय.
तायी म्हणजे आई.
मी इतके दिवस ताई ऐकत होतो.
गूळ-शेंगदाणे खातो, लोखंडाच्या गोळ्या गिळतो,
आणि तिनं दिलेले तीन शब्द पाठ करतो :
नोवु. उसुरु. बिडु.
कळ. श्वास. सोड.

परशराम येतो तेव्हा उजाडलेलं नसतं.
मी कुशीवर, भिंतीकडं तोंड करून
पुटपुटत असतो, उसुरु बिडु, उसुरु बिडु.
काल झोपेतच त्यानं
केवढा तरी श्वास सोडला.