निव्वळ वजन

ग्रिम्स्बीत मासा गोठवला
की त्याच्यावर पाण्याचा एक पातळ थर चढवतात.
मासा सुकू नये म्हणून. खरंच त्यासाठीच.
पण थराला वजन असतं,
आणि किती थर पुरे, हे थर चढवणारा ठरवतो.

ऊना पेल ते तपासते.
पाकिटातला तुकडा चाळणीवर ठेवते,
गार पाण्याची बारीक धार सोडते,
बर्फ गेला की टिपून पुन्हा तोलते,
छापलेल्या आकड्याशी ताडून बघते.
छापावाच लागतो तो. बर्फ वजा जाता उरलेला.

मी त्याच कारखान्यात, शीतगृहाच्या पॅनेलपाशी,
चौदा महिने कंत्राटावर.
गळ्यातल्या कार्डावर नाव माझं,
खाली कंपनी एजन्सीची.
दिवसाचे चारशे पंचवीस पौंड.
वाढवून मागितले की लीड्सहून कीरन म्हणायचा,
"क्लायंटचा हात आखडलाय, विल्फ. मी भांड भांड भांडलो."
आणि नाताळात पोर्क पायची टोपली पाठवायचा.

मला ते खरं वाटायचं.
कँटीनमध्ये ऊना एकच चहाची पिशवी दोन कपांत बुडवायची,
मी मनात म्हणायचो, हीच ती.
आणि मला मंगळवारी दहा मिनिटं उशीर झाला
की ती घड्याळाकडे अशी बघायची,
जणू मिनिटाला किती पडतं ते मोजतेय.

फेब्रुवारीत तीन नंबरचा कॉम्प्रेसर बसला.
आत चाळीस टन हॅडॉक,
बाहेर आम्ही दोघं, रात्री साडेतीनपर्यंत.
तो पुन्हा घुरघुरू लागला तेव्हा
हातमोजे काढत ती म्हणाली,
"तुझ्या भावात एवढं बसतंच म्हणा."

"माझ्या कुठल्या भावात?"

मग दोघंही गप्प.
कलम एकोणीस. दोघांच्या सह्या.
दर कुणी कुणाला कळवायचा नाही, तोंडी किंवा लेखी.
काचेवरच्या बाष्पाबद्दल कलमात काही नव्हतं.
तिने बोटाने लिहिलं: ६१०.
मी त्याखाली: ४२५.
रेघ तिनेच मारली.

शून्यातून पाच जात नाहीत,
शेजाऱ्याकडून दहा उसने.
शेजारी आता शून्य, त्यातून दोन जात नाहीत,
पुन्हा त्याच्या शेजाऱ्याकडून उसने.
दुसरीत शिकलेली वजाबाकी,
पण हात थरथरला, थंडीने असेल.
एकशे पंच्याऐंशी.
रोजचे. तीनशेच्या वर दिवस.
तेवढ्यांत मी तिला चिक्कू म्हणत आलो
आणि ती मला हावरा.

"तीस टक्के बर्फ," ती म्हणाली.
"अशी खेप मी गेटवरूनच परत पाठवते."

खरं सांगायचं तर मला राग आला नाही, लगेच तरी.
मला आठवला तो नोव्हेंबर,
पन्नाशी उलटलेल्याचा फोन कुणी उचलत नव्हतं,
तेव्हा यानेच आपणहून केला होता,
अर्ज दुरुस्त करून दिला, मुलाखतीआधी म्हणाला, टाय नको.
थर हवाच होता.
सुकलो असतो मी.
पण किती?

सकाळी त्याला फोन लावला.
म्हटलं, जास्त नको देऊस. फक्त छाप.
त्यांचे किती, माझे किती, तुझे किती,
एका कागदावर, आम्हा दोघांना दिसेल असं.
"तुला कुणी सांगितलं?" त्याने विचारलं.
"कुणी काही बोललं नाही," मी म्हटलं, आणि ते खरं होतं.

मग तो त्याच्या ऑफिसच्या भाड्याचं सांगू लागला,
विम्याचं,
पगार साठ दिवस उशिरा देणाऱ्या कंपन्यांचं,
मध्ये एकदा माझ्या गुडघ्याची चौकशी केली.
मी ऐकत राहिलो. त्यातलं काही खरंही असेल.
पलीकडच्या टेबलावर ऊनाने
नवा तुकडा चाळणीत ठेवला होता
आणि धार सोडून ती उभी होती,
घाई न करता.