चहा होईपर्यंत

दोन बरण्या, लोणच्याच्या, झाकणं हरवलेल्या.
एकीत देवळाच्या विहिरीचं पाणी,
दुसरीत कडोलीच्या वाटेवर,
भरमाण्णाच्या कोबीखालच्या डबक्याचं.
दोन्हींत पाणपिसवा.
उजेडाला धरलं तरच दिसतात,
मोहरी अर्धी करून तिच्यात जीव घालावा एवढ्या,
हिसके देत वर येणाऱ्या.

कॉलेजच्या लॅबात मी बावीस वर्षं शिपाई.
बघून बघून हात शिकले.
भरमाण्णाच्या बाटलीतलं औषध
पातळ केलं, पुन्हा पातळ केलं,
दोन्हींत एकेक थेंब.

चहा होईपर्यंत विहिरीतल्या सगळ्या तळाला.
डबक्यातल्या नाचत होत्या.

"बघ की," भरमाण्णा म्हणाला, "सवय झालीया त्यास्नी.
उगंच भ्या घालूलास."

सवय नव्हे रे.
पहिल्या फवारणीत मेल्या त्यांना लेकरं झाली नाहीत, इतकंच.
चार-दोन चिवट उरल्या, त्यांची ही पिलावळ.
तू तेव्हा अर्धं झाकण टाकायचास. आता दीड.

निवळ्या मात्र परतल्या नाहीत.
पिसवेची पिढी आठवड्याची,
चतुराचं पोर दोन पावसाळे चिखलात वाढतं,
तेवढी सवड कोबीला कुठली?
डासांच्या अळ्यांना आता खाणारं कुणी नाही.
गोगलगायींनी दगड झाकून टाकलेत,
आणि पाण्यावर हिरवी साय,
बोट घातलं तर बोटाला येते.

बाटलीवर कन्नडात बारीक काहीतरी आहे.
सून हुक्केरीची, तिनं वाचलं:
पाण्यापासून लांब...
किती लांब, तिथंच कागद ओला होऊन गेलाय.

रात्री नाचऱ्या पिसवा गाळणीत धरून
तीनदा धुतल्या,
विहिरीच्या स्वच्छ पाण्यात सोडल्या.
तिथं माझा एक मासा होता, बोटाएवढा.
त्या पाण्यात थेंबभर औषध नव्हतं.
तो पोटभर जेवला.
सकाळी एका कुशीवर पोहत होता,
वळावं की न वळावं, असा.

बरणी फडक्यात गुंडाळून मळ्यात गेलो.
भरमाण्णा पंप उतरवत होता.
"पैलं डोकं धरायचं," म्हणाला, "आता काय बी हुईना बघ."
पँटीला हात पुसले,
फडकं सोडलं, भाकरी मोडली,
आणि पहिला घास
शेजारी बसलेल्या नातवाच्या तोंडात घातला.

मी बरणी काढली नाही.
म्हटलं, हात तरी धू की.
तो डबक्याकडे गेला.